चादरीचे दुसरे टोक

अक्षर वाकडे आहे आणि लिहिण्यात चुका फार होतात, माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवणार नाही, तरी आधी माफी मागितलेली बरी.

लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत मी चादरींच्या घड्या घालते. चादरीचे दुसरे टोक बाली बेटावरची एक बाई धरते. ती मला इबू म्हणते, म्हणजे आई. तिच्या गावाचे स्वतःचे कायदे आहेत. देवळाच्या कामाला जो येऊ शकत नाही, त्याने वर्षाला पैसे भरायचे. त्या पैशांसाठी गावाचे पत्र तिच्या फोनवर आले. आमच्या मोडक्या इंग्रजीत तिने मला ते सांगितले : मन दुखावले तर क्षमा असावी, पण आपण आपला वाटा पोचवलात तर ते शोभून दिसेल.

"मग नाही दिलं तर चालतं?" मी विचारले.

ती हसली. "छे! गाव बोलणंच टाकेल, इबू. मेले तर स्मशानसुद्धा मिळणार नाही."

कायदा एवढा कडक आणि बोलणे लोण्यासारखे. माझा जळफळाट झाला. घरी मुलगा म्हणतो, "आई, कचऱ्याचा बिन बाहेर ठेव." आणि माझ्या गावाने तर मला कधी साधा फोन केला नाही.

तिला एकशे ऐंशी पौंड कमी पडत होते. हात जोडून, खाली बघत ती म्हणाली, "इबू, रागावू नका. जमत असेल तरच." इतक्या अदबीने मला कुणी काही मागितले नव्हते. गावी जायच्या तिकिटासाठी डब्यात साठवलेले तेवढेच होते, ते सगळे मी देऊन टाकले.

तीन महिने झाले. मागायची मला लाज वाटे. मग तिच्या फोनवर पूजेचे फोटो आले. सगळ्याजणी बघायला जमल्या, कौतुक करू लागल्या, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "माझ्या पैशांवर सजलंय देऊळ. ते परत कधी देणार?"

ती भांडली असती तर बरे झाले असते. पण तिने माझीच माफी मागितली. "इबूंना मागायला लागलं, ही माझी चूक." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि तेव्हाही तिचा हेवाच वाटला.

त्यानंतर दर शुक्रवारी वीस पौंड, दोन्ही हातांनी, मान लववून. माफी मागायची राहून जाई, मी नुसती नोट घेत राहिले. खरे तर हे शुक्रवार संपू नयेत असे वाटे. काल नववा शुक्रवार होता. तिने शेवटची नोट दिली, मी घेतली. पैसे पुरते फिटले.