गाळलेली पंगत

इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. दर वर्षी सराव परीक्षेच्या आधी दहावीच्या वर्गाला मी एक गोष्ट सांगायचो. ती ऐकलेली पहिली मुलं आता साठीकडं झुकली आहेत. बारामतीच्या बाजारात भेटली की अजून म्हणतात, "सर, तुमची पंगतीची गोष्ट विसरलो नाही बरं का." त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ती गोष्ट मी अर्धीच सांगत होतो. घरात हे कबूल केलं त्याला चार महिने झाले. या चार महिन्यांत जेवढं मोकळं वाटलं, तेवढं निवृत्त झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

गोष्ट अशी. नऊ-दहा वर्षांचा असताना मी निमगाव केतकीला एका लग्नाला गेलो होतो. आम्ही मुलीकडचे. तेव्हा वऱ्हाड आधी जेवायचं, मग बाकीचे. मला भूक लागली होती, म्हणून मी सरळ वऱ्हाडाच्या पंगतीत जाऊन बसलो. पत्रावळीवर भात पडला, आमटी पडली, मी पहिला घास कालवला आणि मुलीच्या चुलत्यांनी दंड धरून मला उठवलं. "हे कुणाचं पोरगं? पाव्हणं उपाशी आन् हे बसलंय!" सगळी पंगत हसली. वर्गात इथं मी थांबायचो, बोटांना भात लागलाय असा हात वर धरायचो आणि म्हणायचो, "त्या दिवशी ठरवलं, कुणी उठवू शकणार नाही एवढा मोठा होईन." वर्ग चिडीचूप व्हायचा.

गोष्ट इतक्या वेळा सांगितली की माझाच तिच्यावर विश्वास बसला. अपमान झाल्याशिवाय माणूस घडत नाही, असं मी मनापासून मानू लागलो.

आम्हाला एकच मुलगा. तो बारावीला गणितात नापास झाला. निकाल लागला त्या दुपारी शाळेतले एक शिक्षक आमच्याकडं जेवायला होते. गणिताच्या मास्तराचा मुलगा गणितात नापास, हे त्यांच्या देखत कळलं याचाच मला जास्त राग होता. मुलगा नुकता ताटावर बसला होता. मी म्हणालो, "ऊठ. नापास झालेल्याला या घरात ताट नाही." त्यानं मोडलेला भाकरीचा तुकडा नीट ताटात ठेवला आणि उठून बाहेर गेला. पाहुणे वाटीत बघत राहिले. शेवग्याची आमटी होती. मी ती दुसऱ्यांदा मागून घेतली, हेही लिहायला हवं.

तो सोमेश्वरनगरला मामाकडं गेला. ऑक्टोबरला पास झाला, पुढं इंजिनिअर झाला. आज बारामतीच्या एमआयडीसीत त्याचा ठिबकचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. लोक म्हणतात, बापानं ताटावरून उठवलं म्हणून पोरगं उभं राहिलं. तोही तेच म्हणतो. शाळांच्या गुणगौरव समारंभात त्याला बोलावतात आणि तो माझीच पद्धत वापरून ती दुपार सांगतो. गेल्या वर्षी अशा एका कार्यक्रमात मलाही शाल-नारळ मिळाला. टाळ्या थांबेनात. पालक येऊन माझ्या पाया पडले. मग सगळे शिक्षकांच्या खोलीत जेवायला गेले, तेव्हा मुलगा फोन कानाला लावून गाडीकडं निघून गेला. फोन आलेलाच नव्हता. मी त्याच्या शेजारी होतो.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आम्ही दोघं त्याच्याकडंच राहतो, म्हणून हे रोज दिसू लागलं. आमची जेवणं होईपर्यंत तो खाली यायचा नाही. मग ताट घेऊन गच्चीवरच्या खोलीत जायचा. सूनबाई म्हणाली, "लग्न झाल्यापासून असंच आहे, तात्या. मी आता विचारत नाही." कारण मला ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं वागत होतो.

नात यंदा दहावीला. सहामाही परीक्षेत विज्ञानात तिला कमी गुण पडले. त्या रविवारी दुपारी आजी वाढायला लागली, तर नातीनं ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"मला नको, आजी. मार्क कमी आलेत ना."

"मग जेवायचं न्हाय व्हय?"

"आपल्या घरात तसंच असतं की. पप्पांना नव्हतं का उठवलं?"

रुसून नाही म्हणाली. घरातला नियम सांगावा तसं म्हणाली. मुलगा पाण्याची बाटली भरायला खाली आला होता, तो दारात उभा होता. तो तिला रागावेल असं वाटलं, पण तो म्हणाला, "राहू दे, आई. एक वेळ उपाशी राहिली तर मनाला लागेल तिच्या. मला नाही का लागलं?"

तो मागं वळला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "थांब. त्या पंगतीचं मी तुला पुढचं सांगितलंच नाही."

"तात्या, पाठ आहे मला ती."

"अर्धी पाठ आहे."

मग सांगितलं. पंगतीतून उठवल्यावर मी बैलगाड्यांमागं जाऊन रडत बसलो होतो. दहा मिनिटांत तेच चुलते मला शोधत आले. म्हणाले, "चुकलं रं माझं, लेकरा. घाईत हुतो." हाताला धरून नेलं, दुसऱ्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं, आणि मी पहिला घास खाईपर्यंत स्वतः जेवले नाहीत. त्यांच्या पत्रावळीवरची बुंदीही त्यांनी माझ्याकडं सरकवली. मी पोटभर जेवलो आणि वडिलांच्या खांद्यावर झोपून घरी आलो. दुसऱ्या दिवशी मला त्या अपमानाची आठवणसुद्धा नव्हती. पुढं मास्तर झाल्यावर एकदा वर्ग गप्प बसेना, तेव्हा ते सहज आठवलं. उठवल्याचं सांगितलं की मुलं गप्प होतात आणि परत बसवल्याचं सांगितलं की हसतात, हे लक्षात आलं. म्हणून दुसरी पंगत गाळून टाकली.

"आणि मी शिकलो ते त्या अपमानामुळं नाही," मी म्हणालो. "उदाहरण सुटलं की मला बरं वाटायचं, म्हणून शिकलो. मला दहा मिनिटांत कुणीतरी परत बसवलं. तुला इतकी वर्षं कुणी बसवलं नाही. ते माझं काम होतं. मी चुकलो."

आमच्या मंडळींच्या हातात पळी तशीच होती. त्या म्हणाल्या, "एवढं बोलायला तीस वर्षं लागली तुमाला! मला वाटलं, गेल्यावर उशीखाली चिठ्ठी घावंल."

मुलगा हसला, पण जेमतेम.

"तरी त्या दिवशी म्या तुला स्टँडवर डबा धाडला हुता शेजाऱ्याबरोबर," त्या त्याला म्हणाल्या. हे मला नवीन होतं.

"मिळाला होता, आई. भिंतीकडं तोंड करून खाल्ला. कुणी बघेल आणि उठवेल असं वाटत होतं." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "अजून तसंच वाटतं. समोर कुणी असलं की घास गिळत नाही. कार्यक्रमात गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या, की वाटतं झालं ते बरंच झालं. घरी आलो की परत गच्ची." मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "तसं नसेल, तर मी कशामुळं घडलो, तात्या?"

"तुझी मामी रोज पहाटे चहा करून तुला उठवायची आणि तू बसून गणितं सोडवायचास. मी त्यात कुठंच नव्हतो."

हे म्हणताना जड गेलं. बापाच्या नावावर लोकांनी जमा केलेली सगळी कीर्ती एका वाक्यात गेली. पण त्याचा चेहरा बघून वाटलं, गेली ते बरंच झालं.

"म्हणजे मी जेवू ना?" नातीनं विचारलं.

"बस गं बाई, पिठलं गार व्हाया लागलंय," आजी म्हणाली.

नात बसली. मुलगा मात्र त्या दिवशी बसला नाही. फ्रीजला टेकून, हातात वाटी घेऊन त्यानं चार घास खाल्ले. पण आमच्या समोर खाल्ले.

आता तो दर पंधरवड्याला पुण्याला एका समुपदेशक बाईंकडं जातो. मी म्हणालो, घरात बोलला असता तर चाललं नसतं का? त्यावर आमच्या मंडळी म्हणाल्या, "तुमच्याशी बोलूनच ही येळ आली." त्याला सुरुवातीला भीती होती की राग गेला तर कामातला जोरही जाईल. कारखाना चालू आहे. फक्त तो आता संध्याकाळी वेळेवर घरी येतो. काही दिवस ताट अजून गच्चीवर जातं, तेव्हा आम्ही काही म्हणत नाही. नातीचे विज्ञानाचे गुण थोडे वाढले. ती म्हणते, क्लासमुळं.

मला रुखरुख आहे ती वर्गातल्या मुलांची. माझी गोष्ट ऐकून कितीजणांनी घरी जाऊन स्वतःचं ताट बाजूला सारलं असेल, आणि आज कितीजण आपल्या मुलांना उठवत असतील, मला माहीत नाही. त्यांना एवढंच सांगायचं आहे: मला परत बसवलं होतं. जेवायला घातलं होतं.

गेल्या महिन्यात वडगाव निंबाळकरच्या बाजूच्या एका शाळेनं मुलाला पुन्हा बोलावलं. जाताना त्यानं विचारलं, "तात्या, गोष्ट सांगू का?"

"सांग. पण गाळू नकोस काही."

मी गेलो नाही. दुपारी तो परत आला, चपला काढत होता, तेव्हा विचारलं, "टाळ्या पडल्या?"

"कमी पडल्या. एका पोरीनं विचारलं, मग सर, अपमान झाला तर करायचं काय? म्हटलं, ज्यानं केला त्याला सांगायचं. तो नसेल, तर जो ऐकेल त्याला."

"मग?"

"मग काय, जेवलो. तिथंच, सगळ्या शिक्षकांबरोबर. मटकीची उसळ होती, तात्या. लई तिखट. पाणी आणा बरं जरा."