सुई काहून तुटते?

शिलाईच्या कारखान्यात चिंध्या आणि किस्से, दोन्ही न सांगता साठतात. चिंध्या निदान शनिवारी पोत्यात भरून जातात! हुडकेश्वरला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या युनिटमध्ये आम्ही वीस बायका. मी पॅकिंगला. शोभाताई सुपरवायझर, आणि माझ्याकडे साठलेले बहुतेक किस्से त्यांचेच.

*

सहा नंबरच्या मशीनवर रोज सुया तुटायच्या. सुयांची कंपनी बदलली, मेकॅनिक दोनदा आला. शेवटी सगळ्यांनी मशीनवरच्या रंजनावर खापर फोडलं. "हातच जड आहे तिचा!"

शोभाताई स्टूल घेऊन तासभर तिच्याजवळ नुसत्या बसल्या. शिवलेलं कापड टेबलावरून खाली लोंबायचं, त्याच्या वजनानं शिवण ओढली जायची आणि सुई वाकायची. त्यांनी डावीकडे एक जुनं बाकडं लावलं. सुया टिकल्या.

रंजना म्हणाली, "ताई, मले तर वाटलं, खरंच माझा हात जड आहे!"

*

मग पांढऱ्या शर्टांवर तेलाचे डाग. साहेबांनी, म्हणजे मालकांनी, महागडी पावडर आणली. डाग जायचे, पुन्हा यायचे.

शोभाताईंनी विचारलं, "कोणत्या वारी येतात?"

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पॅकिंगच्या याद्या चाळल्या. फक्त सोमवारी! शनिवारी सुटताना आम्ही मशीनला तेल घालायचो, ते रविवारभर सुईवाटे झिरपायचं. तेव्हापासून सोमवारी पहिली दहा मिनिटं आम्ही मागे ठेवलेल्या चिंध्याच शिवतो.

*

आठ-दहा जणी रोज उशिरा यायच्या. साहेबांनी अंगठ्याचं मशीन बसवलं. आता उशीर मिनिटासकट कळू लागला, इतकंच!

"नळ किती वाजता येते वं तुमच्याकडं?" शोभाताईंनी विचारलं.

"साडेआठले."

कारखाना नऊचा होता. तो साडेनऊचा झाला, सुटायची वेळही अर्धा तास पुढे गेली. मशीन आहे अजून भिंतीवर.

*

एकदा साइजची लेबलं चुकू लागली. तपासायला एक बाई ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. चुका वाढल्याच!

"लेबल पाहून लावून राहिली न वं?" शोभाताईंनी लेबलं लावणाऱ्या वंदनाला विचारलं.

"मांगं तिघी आहेत न पाहाले!"

तपासणाऱ्या तिसरीला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या आधी दोघी पाहतात न!"

शोभाताईंनी त्या तिघींतल्या दोघींना शिलाईवर पाठवलं. चुका थांबल्या.

*

तुळसामावशी ब्लेझरची बटणं हातानं लावायच्या. त्यांचं बटण कधी निघालं नव्हतं. यंदा शाळेतून गठ्ठेच परत आले. दोरा तीनदा बदलला. फरक नाही.

शोभाताई मावशींजवळ जाऊन बसल्या. मावशी शेवटची गाठ मारतच नव्हत्या. चिकनगुनियापासून त्यांची दोन बोटं मिटत नव्हती. चार महिने झाले होते!

"काहून नाही सांगितलं मावशी?"

मावशींनी हात पदराखाली घेतला. "तवाच मंगळवारच्या मीटिंगमध्ये साहेब बोलले न, जिचा हात चालत नाही तिनं घरी बसावं. घरी बसून मी काय करू?"

शोभाताईंनी बटणं दुसऱ्या बाईकडे दिली आणि मावशींना नव्या मुलींना टाके शिकवायला बसवलं. साहेबांनी मात्र लेखी रिपोर्ट मागितला. दोष काय, कारण काय, उपाय काय.

कारणाच्या जागी शोभाताईंनी लिहिलं, 'आपली मंगळवारची मीटिंग.'

कागद साहेबांच्या हातात गेला तेव्हा एकही मशीन चालू नव्हतं. त्यांनी तो दोनदा वाचला. मुलींच्या घोळक्यात बसलेल्या मावशींकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढला आणि खाली सही केली.