डिझेलमधलं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. आता जमेल तसं सांगतो, अडखळलो तर थांबा जरा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. दवाखान्याला वडीगोद्रीला जायचं तर बैलगाडीने अर्धा दिवस, आणि पलीकडच्या काठावर डॉक्टर हाकेच्या अंतरावर. म्हणून गावची नाव होती. शेतात पाणी उपसायचं डिझेल इंजिन तिच्यावर बसवलेलं. ते मी चालवायचो. भारी ऐट होती माझी त्या वेळी — इंजिनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

रोज सकाळी एक काम ठरलेलं. टाकीच्या तळाचा कॉक उघडायचा, थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचं. पाणी असलं तर खाली वेगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम.

खंडेनवमीला मी इंजिन धुतलं. बादल्यांनी — चांगलं नदीचं पाणी ओतून, लखलखीत. टाकीचं झाकण कधीच हरवलेलं. दाणे काढलेलं मक्याचं कणीस चिंधी गुंडाळून तोंडात कोंबलेलं असायचं. पाणी आत गेलं असेल? शंका आली होती. खरं सांगतो, तेव्हाच आली होती. मग हळदकुंकू लावलं, टाकीभोवती झेंडूचा हार करकचून बांधला, कॉकही त्याखाली गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच गंगाधर बायकोला घेऊन आला. गंगाधर माझा लहानपणापासूनचा दोस्त. कमलला रात्रीपासून कळा, सुईणीने हात टेकलेले. बाटली कालच्या जागीच होती. पण कॉक उघडायचा तर हार तोडावा लागणार — पूजेचा हार, दसऱ्याच्या दिवशी! मी तोडला नाही. हँडल मारलं. इंजिन लागलं.

मधोमध गेलो आणि ते खोकलं. पांढरा धूर. बंद.

फिल्टर उघडला, तर हातावर पाण्याचे थेंब. पाणी काढलं, हवा काढली, हँडल मारलं — लागलं, पुन्हा बंद. किती वेळा? मोजलं नाही. बांबू तळाला पोचत नव्हता. नाव आपली वाहत चाललेली, कमल ओरडत होती, आणि मग ओरडायचीही थांबली. गंगाधर तिचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होता.

"आरं, काय झालं? जल्दी कर ना!"

आणि मी बोललो, "डिझेलमधी पाणी हाय, गंगाधर. वडीगोद्रीहून आणलेलं. मी काय करू?"

वडीगोद्रीहून म्हणजे शंकरअप्पांच्या दुकानातून. रस्त्यालगत त्यांचं दुकान, पिंपातून डिझेल विकायचे. एक शब्द मी खोटा बोललो नव्हतो, बघा. पाणी होतं. डिझेल त्यांचंच होतं.

दीड-दोन तासांनी नाव खालच्या अंगाला काठाच्या झुडपांत अडकली. लोकांनी कमलला बाजेवर घालून नेलं. ती वाचली. मूल — मुलगी होती — वाचलं नाही.

गावाने अप्पांचं दुकान सोडलं. आठ दिवसांनी ते स्वतः आले, पायी. गंगाधरच्या दारात उभे राहिले, हात जोडून. मी तिथेच ओट्यावर बसलो होतो.

"पिंप धुतल्तं बाबा मी. वाळलं न्हाई बराबर, मंग तसंच डिझेल भरलं. पाणी राह्यलं असंल. मला बिलकुल ध्यानात न्हाई आलं."

कळतंय का तुम्हाला? त्यांनी आठवून आठवून स्वतःची चूक शोधून काढली होती. गंगाधर रडत त्यांच्या पाया पडला, म्हणाला, तुमी मोठे, असं करू नका. दोघं रडत होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. भीती वाटली — गंगाधर जाईल, नाव जाईल, इंजिन जाईल. मी आत जाऊन अप्पांसाठी पाणी आणलं.

अप्पांनी त्यानंतर डिझेल विकलं नाही. दर दसऱ्याला ते कमलला साडी पाठवायचे, आणि ती पोचवायला त्यांनी मलाच सांगितलं. मी पोचवली. बारा वर्षं. मग अप्पा गेले. ते पोर आपल्या हातून गेलं, असंच मानत ते गेले.

ते माझ्या हातून गेलं होतं.