माझ्याच जिवावर

आमच्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही, नावही बदलतात. वर्ध्याजवळच्या आंजी गावात सासरी पोचल्यावर ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं आणि घरभर पेढे वाटले गेले. नाव सासूबाईंनी हौसेने निवडलं होतं. मलाही आवडलं. पुढे आधार, बँक, वर्ध्याच्या कॉलेजातली नेमणूक, सगळीकडे तेच लागलं आणि माझे शोधनिबंधही त्याच नावाने छापून येऊ लागले.

माणूस लक्षात कसं ठेवतो, त्या वेळी मेंदूत काय चालतं, हे माझं काम. लग्नाआधीही तेच करत होते, तेव्हाचे निबंध माहेरच्या नावाने छापलेले. त्या कामावरच मी पुढचं सगळं उभं केलं, त्यामुळे प्रत्येक नव्या निबंधात जुन्यांचा संदर्भ द्यावाच लागे.

मग बढतीची मुलाखत आली. निवड समितीने संशोधकांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट समोर उघडली होती. कोणी काय लिहिलं आणि इतरांनी त्याचे संदर्भ किती दिले, म्हणजे आमच्या भाषेत सायटेशन किती, ते तिथे दिसतं. त्या वेबसाइटच्या लेखी मी दोन बायका होते. एकीने लग्नाच्या वर्षापर्यंत लिहिलं आणि मग तिचा पत्ताच नाही. दुसरी तिथून सुरू झाली. समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा सावरत म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं काम या एका बाईंच्या जिवावर चाललंय. तुमचं स्वतःचं काय?"

ती बाई मीच, असं मी सांगितलं. ते हसले आणि पुरावा मागितला. बढती तिथेच अडली.

माझं डोकं तापलं ते तापलंच. बढती मला हवी होती, खोटं कशाला बोलू? पण लोक अजूनही जिच्या कामाचे संदर्भ देत होते, ती मुलगी अशी बेपत्ता राहावी हे मला मुळीच चालणार नव्हतं. पुरावा दिला तर दोन्ही नोंदी एक होणार होत्या, मात्र वर एकच नाव राहणार होतं. ऑफिसातले बाबू समजावत होते, "नवं ठेवा ना मॅडम. नेमणुकीच्या कागदाशी जुळते, फाइल लगेच सरकते. जुन्यावर आक्षेप निघन."

"निघू द्या," मी म्हटलं. "जुनंच राहील. यापुढचे निबंधही त्याच नावाने येतील."

पुरावा म्हणजे दोन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि त्याला सासरचा साक्षीदार लागणार होता. नवरा एका पायावर तयार होता. पण नाव ठेवलं सासूबाईंनी. त्यांच्या पाठीमागे हे उरकणं मला पटेना. त्या मेथी निवडत होत्या, तिथे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

"मंग माह्यं नाव तुले काऊन नको?"

"घरात तेच राहील, आई. पण ते काम मी या घरात यायच्या आधी केलंय. ते तुम्ही ठेवलेल्या नावावर कसं टाकू?"

त्या मेथी उचलून आत गेल्या. रात्री माझं ताट वाढून त्या लगेच उठून गेल्या. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेणार नव्हते. सकाळी पाहते तर इस्त्रीची साडी नेसून त्या ओसरीत उभ्या. "चाल. सही मले करा लागते ना?"

वर्ध्यात नोटरीने त्यांना विचारलं, "या दोघी एकच, हे कशावरून?"

"सून एकच हाये साहेब. दुसरं नाव मीच ठेवलं. ठेवणारीले माहीत नसन तं कोणाले असन?"

त्यांनी सावकाश सही केली. परतीच्या एसटीत आंजीचा फाटा दिसू लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग, वर कोणतं टाकून राह्यली?"

"पहिलं. आजच टाकते."

"टाक." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माह्यंही बदललंच होतं. मले तं कोणी इचारलंबी नाई."

"काय होतं, आई?"

पुढच्या सीटवर ओळखीचं कोणी नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन नाव सांगितलं.

"घरी सांगू नको," त्या म्हणाल्या.