ओमानला हरवलं त्याची गोष्ट

एकदा मी ओमान नावाच्या अख्ख्या देशाला हरवलं — एक खोटं बोलून. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नातवंडांना तर नाहीच. ती मला शहाणी समजतात. समजू देत बिचारी.

तेव्हा मी लोणावळ्यात एका सल्लागाराकडे टायपिस्ट होते. नायलॉनची साडी, उंच टाचा, तोंडात भाड्यानं आणलेली पुणेरी भाषा — काय ते ध्यान! दगडखाणीत पैसा घालू पाहणाऱ्यांसाठी साहेब तक्ता करायचे: ओमान, राजस्थान, आंध्र, आपलं मावळ. रस्ते, वीज, कायदा, सगळ्याला गुण. शेवटचा रकाना स्थानिकांच्या विरोधाचा. मावळापुढं तो रिकामा होता.

म्हणून साहेब मावळातल्या वडिवळे गावाच्या वरचा डोंगर बघायला निघाले, मला घेऊन. भातलावणीचे दिवस. डोंगरावरच्या वाडीतली सगळी माणसं खाली खाचरात, घरांच्या कड्या सुतळीनं बांधलेल्या. साहेबांनी विचारलं, "इथं कोणी राहतं का?"

सांगू? की अजून जरा टाळू? — त्यातलं तिसरं घर माझ्या सोनामावशीचं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. आणि ती पायवाटेनं वर येताना मला दिसत होती, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं. ती मला पोटाशी धरणार — साहेबांसमोर, माझ्या नायलॉनसकट!

"कोणी नाही," मी म्हणाले. "गोठे आहेत, रिकामे." आणि साहेबांना दुसऱ्या वाटेनं खाली नेलं.

रकाना मीच टाइप केला: विरोध नाही. मावळ पहिलं आलं, ओमान दुसरा.

खाण सुरू झाली. सुरुंगांनी मावशीची भिंत तडकली, विहीर आटली. आता मी कामशेतला राहते. दुपारी सुरुंगाचा भोंगा झाला की अजून हातातलं भांडं हातातच राहतं. तो आवाज सोडून मी जाणार कुठं?

तर — विहीर आटली तेव्हा वाडीनं अर्ज करायचं ठरवलं. लिहिणार कोण? शिकलेली एकटी मीच. मावशीच्या घरात सगळे मला घेरून बसलेले, दार त्यांच्या पाठीमागं. 'इथं वस्ती नाही असं कंपनीला कोणी सांगितलं, याची चौकशी व्हावी' — लिहिता लिहिता माझा हात थांबला. तेव्हा बोलता आलं असतं ना? नाही बोलले.

मावशीनं चहा पुढं सरकवला. वाकून, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "लिव, पोरी. त्या दिशी तुला लांबूनच वळाखलं म्या. भाकर घालाया म्हनून वर येत व्हते."