नोंदीतला पत्ता

बँकेत त्यांना सगळे सावधानबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंचे कान तिखट होते, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना मनातून आवडायचंही. बँकेला फोन लावला की पलीकडून आधी त्यांचाच आवाज यायचा: "सावधान! आपली माहिती कोणालाही सांगू नका. बँक आपल्याला फोन करून माहिती विचारत नाही." बारा वर्षांपूर्वी साहेबांनी आवाज छान आहे म्हणून त्यांच्याकडून ते बोलून घेतलं होतं. सगळं शहर त्यांचा आवाज ओळखत होतं. बाईंना मात्र शहरात फोन करणारं कोणी नव्हतं.

घरात त्या एकट्या. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे पडलेले असत. सकाळी डबा भरायचा, कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचं आणि बँक गाठायची. नोकरी नोंदी विभागात: ग्राहकांची नावं, जन्मतारखा, सह्या, पत्ते. कोणी घर बदललं की बाई त्याचा पत्ता बदलायच्या. पस्तीस वर्षांत त्यांनी एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याला सांगितली नव्हती. यजमान गमतीने म्हणायचे, "हिच्या पोटात गेलेलं यमालाही काढता यायचं नाही."

या कौतुकापायीच त्यांची सख्खी बहीण तुटली.

नऊ वर्षांपूर्वी ताईचा एकुलता एक मुलगा वडिलांशी भांडून घरातून निघून गेला. बावीस वर्षांचं पोर. फोन बंद, मित्रांना काही ठाऊक नाही. पण त्याचं खातं याच बँकेत होतं, लहानपणी ताईनेच उघडलेलं, आणि घर सोडल्यावर महिन्याभरात नव्या पत्त्याचा अर्ज आला. तो नेमका बाईंच्या टेबलावर आला. अर्जावर वेगळी चिठ्ठी होती: हा पत्ता घरच्यांना कळू नये. बाईंनी नोंद केली आणि चिठ्ठी फायलीत लावली.

अर्ज बँकेत आल्याचा ताईला सुगावा लागलाच. ती बँकेत आली, बाईंच्या टेबलासमोर बसली आणि हात धरून म्हणाली, "मी जाणार नाही गं तिथे. नुसता कुठे आहे तेवढं सांग."

"ताई, नियम आहे."

"बरा आहे का, एवढं तरी?"

"मला काहीच सांगता येत नाही."

आजूबाजूचे लोक बघत होते. ताई उठली. "तू माझी बहीण आहेस की बँकेची?" एवढंच विचारून ती गेली, ती गेलीच. बाईंनी चार-पाचदा फोन केला, ताईने उचलला नाही. मग बाईंनीही सोडून दिलं. लग्नकार्यांना जाणं टाळलं, म्हणजे कोणी विचारायला नको. हळूहळू बोलावणीही थांबली.

एक पाप मात्र बाई करत होत्या. भाच्याच्या वाढदिवशी, वर्षातून एकदा, त्या त्याचं पान उघडून बघायच्या. अठराव्या वर्षीचा फोटो, कान जरा बाहेर आलेले. खाली तो पत्ता. खात्यात गेली सात वर्षं काही हालचाल नव्हती, आणि त्यावरून बाईंच्या मनात नाही नाही ते यायचं. आजारी तर नसेल? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण विचारणार कोणाला? पान बंद करायचं आणि पुढच्या अर्जाला हात घालायचा.

मग यंदा ती चोरी झाली. कोणीतरी कुठल्याशा खोलीत बसून बँकेच्या संगणकात शिरलं आणि ग्राहकांच्या नोंदी उचलून घेऊन गेलं. पैशाला हात लावला नाही. नावं, फोन, जन्मतारखा, पत्ते नेले. आठवड्याभराने त्या नोंदी इंटरनेटवर उघड्या टाकल्या, ज्याला पाहिजे त्याने बघाव्यात. बँकेने बैल गेला आणि झोपा केला. नवीन पासवर्ड आले, नवीन सूचना आल्या. चोर दारातून आलाच नव्हता, तरी दारावर दुसरा पहारेकरी बसवला.

बाईंना राग आला. पस्तीस वर्षं तोंडाला कुलूप लावून जे सांभाळलं, ते परक्याने एका दुपारी धुऊन नेलं, आणि साहेब म्हणतात, "बाई, आजकाल हे व्हायचंच." त्यांना घरी जाऊन रडावंसं वाटलं. घरी गेल्या, पण रडू आलं नाही. खुर्चीवरचे कपडे घडी करून कपाटात ठेवले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या.

साठीच्या पुढचे ग्राहक मोबाइलवरचे निरोप वाचत नाहीत, म्हणून त्यांना एकेकाला फोन करायचं ठरलं. काय झालं ते सांगायचं, कोणाच्या थापांना भुलू नका म्हणायचं आणि शाखेत येऊन माहिती तपासून जायला सांगायचं. काम कोणाला? ज्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा त्यांना. पण लोक काय ऐकतात! एक आजोबा म्हणाले, "तुम्हीच रोज सांगता बँक फोन करत नाही, आणि आता तुम्हीच फोन करता? की चोरांनी तुमचा आवाजसुद्धा पळवला?" आणि फोन आपटला. बाईंना हसू आलं. मनात म्हणाल्या, बारा वर्षांत माझं ऐकणारा एक तरी भेटला.

तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, यादीत ताईचं नाव आलं.

यादी दुसऱ्या कोणाला देता आली असती. बाई पाणी पिऊन आल्या, चष्मा पुसला आणि नंबर फिरवला. बँकेतले सगळे फोन रेकॉर्ड होत; यंत्रावरचा लाल दिवा लागला.

"हॅलो?"

"नमस्कार. मी बँकेतून बोलतेय."

ताई म्हणाली, "ओळखला आवाज. बोल."

बाईंनी कागदावरचा मजकूर वाचायला घेतला. आपल्या बँकेच्या ग्राहकांच्या नोंदी चोरीला गेल्या आहेत, आम्ही दिलगीर आहोत...

"त्याच्याही गेल्या?" ताईने मध्येच विचारलं.

"हो. त्याच्याही."

"म्हणजे चोराला पत्ता मिळाला. मला नाही मिळाला."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. लाल दिवा समोर होता. त्यांनी भाच्याचं पान उघडलं. वाढदिवस नसताना पहिल्यांदाच.

"ताई, लिहून घे," त्या म्हणाल्या आणि सावकाश, शब्द तोडून, पत्ता वाचला. छापखान्यामागची गल्ली, तिसरा मजला, खोली नंबर नऊ. सवयीने दोनदा वाचला. नऊ वर्षं छातीवर ठेवलेला दगड उतरला असं त्यांना वाटलं. "लिहिलंस ना? माझ्या हातून चुकलं गं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आता तू जा त्याच्याकडे."

"तिथे तो सात वर्षं राहत नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"घरी आला तो. दोन वर्षांनी, आपल्या पायांनी. तुझ्या बँकेला कळवायचं राहिलं असेल. लग्न झालं, मुलगी आहे तीन वर्षांची."

बाईंच्या समोर पडद्यावर तो फोटो होता आणि खाली तो पत्ता, जिथे कोणीच नव्हतं. "मला कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"कोण सांगणार? मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं." ताईचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "तू नाही सांगितलंस, मग मीही नाही सांगितलं."

"बरा आहे ना तो?"

हाच प्रश्न नऊ वर्षांपूर्वी ताईने विचारला होता, याच टेबलासमोर बसून. "बरा आहे," ती म्हणाली.

"ताई, मी रविवारी येऊ का?"

उत्तर येण्याआधी पलीकडे पावलं वाजली. कोणीतरी धावत आलं होतं, आणि एक चिमणा आवाज विचारत होता, "आजी, कोण आहे?"

बाईंनी फोन कानाशी दाबून धरला.

"कोणी नाही गं," ताई म्हणाली. "बँकेतून आहे."

फोन बंद झाला. लाल दिवा विझला. यादीत ताईच्या नावापुढे 'बोलणे झाले' असा रकाना होता. बाईंनी त्यात 'हो' लिहिलं आणि पुढचा नंबर फिरवला.