दुनळी घेऊन खडवलीला

ठाण्याहून निघताना मी नवऱ्याला बजावलं, "आज चकती फुटली नाही ना, तर आठवडाभर कुणाशी बोलणार नाही मी." तो चहा पीत म्हणाला, "मग न फुटलेलीच बरी." अशा शुभेच्छा घेऊन मी सकाळी सातला गाडी काढली.

मामला असा होता. आमच्या आबाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, त्याच्या बापाच्या वेळची दुनळी बंदूक आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी, बैलजोडीसारख्या. शेतात डुकरं यायची तेव्हाची ती. आता त्या शेतावर बावीस मजली इमारत उभी आहे, डुकरं कुठून येणार! आबाची नजर दोन वर्षांत पार अधू झाली आणि परवान्याची मुदतही संपत आली. भाऊ म्हणतो, विकून टाका. मी म्हटलं, माझ्या नावावर करा. त्यासाठी अर्जावर आबाची सही हवी, आणि सहीसाठी आबाने अट घातली, "याच बंदुकीनं एक चकती फोडून दाखव. नाय तर दुकानदाराला देऊन टाकतो." पोरीच्या जातीला बंदूक कशाला, असं तो बोलला नाही. पण मला ते ऐकू आलं, आणि माझं डोकं फिरलं.

डोंबिवलीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात पोचले तेव्हा आबा ओट्यावर पांढरा शर्ट घालून तयार होता. मांडीवर कॅनव्हासच्या पिशवीत बंदूक, खिशात परवान्याची वही.

"आबा, डिकीत ठेव की ती." आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात.

"निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करतो, तवाच सोडतो हातातून. एरवी नाय."

आणि खरंच, पुढचा सगळा प्रवास तिचा त्याच्या मांडीवरच झाला. कल्याण ओलांडेपर्यंत सिग्नल आणि खड्डे यांच्याशीच गाठ होती. टिटवाळ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं आणि मधूनच एखादी नवी कोरी इमारत, आजूबाजूला काहीच नसताना एकटीच उभी. खडवलीला भातसा नदीच्या काठी गाडी लावून आम्ही डबा उघडला. आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिलेली. आबाने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी अर्धी तशीच डब्यात परत ठेवली.

"घाबरलीस कं?" (कं म्हणजे का.)

"छे," मी म्हटलं. तो गालातल्या गालात हसला.

मग आम्ही रस्ता चुकलो. मोबाइलने आम्हाला थेट एका गोठ्याच्या दारात नेऊन उभं केलं. तिथे काकड्या निवडत बसलेल्या बाईंना विचारलं, "ताई, इथे बंदूक चालवायचं मैदान कुठाय हो?" बाईंनी आबाच्या मांडीवरच्या लांबट पिशवीकडे पाहिलं आणि टोपलीसकट दोन पावलं मागे सरकल्या. तेवढ्यात आबाने काच खाली केली, कान बाहेर काढला. "त्या टेकडीमागं," तो म्हणाला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. टेकडीला वळसा घातला तर लोखंडी फाटक, आणि आतून फट् फट् आवाज. डोळे गेले तरी म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत.

या मैदानात मी वर्षभर शिकत होते, पण दर वेळी लोकलने आणि पुढे रिक्षाने यायचे; गाडी घेऊन पहिल्यांदाच आले होते. चकती म्हणजे पालथ्या बशीएवढी, भगव्या रंगाची. यंत्र ती हवेत भिरकावतं, आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यांनी फोडायची. शिकवणारे कुलकर्णी सर, निवृत्त, शिस्तीचे आणि बोलायला गोड. त्यांनी आबाची दुनळी मोडून (म्हणजे मधोमध उघडून) नळ्यांतून आभाळाकडे पाहिलं. "सुंदर राखली आहे हो. पण वय झालंय तिचं. हलकी काडतुसं देतो, तीही दहाच."

आबाला मागे खुर्ची दिली, कानांवर संरक्षक झाकणं दिली. त्याने त्यातलं एक लगेच वर सरकवून ठेवलं. मी उभी राहिले, बंदूक खांद्याला लावली आणि चकती सोडायला सांगताना इंग्रजीत म्हणतात तसं, नेहमीसारखं म्हटलं, "पूल!"

"कनचा (कोणता) पूल?" मागून आबा. "कल्याणचा पत्री पूल? तो तर झाला ना आता बांधून!"

सर खो खो हसले, मी बार हुकवला. त्यांनी नियमाप्रमाणे लगेच दुसरी चकती सोडली, मी चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. शांतता.

"आबा, बिघडली रे!"

"बिगडली नाय गो. दोन नल्या, दोन चाप. पुढचा उजवीचा, मागचा डावीचा. पुढचाच ओढत बसलीस त बंदूक काय करंल?"

झालं होतं ते असं. मैदानाची बंदूक वेगळी, एकावर एक नळ्या आणि दोन्हींना मिळून एकच चाप. बोटाला तीच सवय. मला लाज वाटली. घरच्या बंदुकीला चाप किती, हे मी कधी मोजलंच नव्हतं. लहानपणापासून ती फक्त आबाच्या हातात पाहिलेली. साफसुद्धा तोच करायचा, दुसऱ्या कुणी हात लावला की डोळे वटारायचा.

पुढे दर बाराला आबा विचारायचा, "फुटली कं?" आणि मी म्हणायचे, "नाही." आठ काडतुसं गेली. सर माझ्या कानाशी आले. "ताई, पुढची लागली असं सांगू का? त्यांना एवढ्या लांबचं दिसत नाहीये."

"सर, बाप आहे तो माझा," मी फटकन बोलले. बिचाऱ्यांचं तोंड उतरलं. पण खरं सांगते, राग आला तो माझाच. कारण तोच विचार माझ्या डोक्यात दोन काडतुसांपूर्वी येऊन गेलेला.

आबाने मला जवळ बोलावलं. माझ्या खांद्यावर, मग मानेवर हात ठेवून चाचपलं. "तू बंदूक बगतंस. ती कशाला बगाची? ती हातात हाय ना. पाखरू बग. आन ते पूल पूल काय, वाण्याकडं साखर मागितल्यावानी? जोरात बोल, सोड!"

उरलेली दोन काडतुसं घालून मी उभी राहिले. छातीत होतं नव्हतं ते सगळं एकवटून ओरडले, "सोड!"

पहिली चकती गेली, सरळ निघून गेली. दुसरी उडाली. बोट आपोआप मागच्या चापावर सरकलं. मला नळ्या दिसल्या नाहीत, फक्त ते भगवं दिसलं, आणि मग ते भगवं नव्हतंच, नुसती धूळ.

"फुटली," आबा म्हणाला, मी तोंड उघडायच्या आधी.

"तुला कसं कळलं?"

"सर 'वा' बोलले ना!"

मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदमच. आबाने गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवून सही केली. मी त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं, तरी आडनाव रेघ सोडून खाली घरंगळलं.

ठाणे ते खडवली हा काही प्रवास म्हणावा असा प्रवास नाही, जाऊन येऊन एक दिवस. पण इतकी वर्षं बापाच्या शेजारी बसून गेले ते लग्नांना नाही तर दवाखान्यात. त्याला जे येतं ते शिकायला मी पहिल्यांदाच त्याच्यासोबत गेलेले.

डोंबिवलीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आबा ओट्यावर बसला, तेलाची बाटली, चिंधी आणि नळ्या साफ करायचा गज काढून घेतला, बंदूक मांडीवर आडवी घेतली. चिंधी गजात ओवायला गेला तर भोक सापडेना. दोनदा, तीनदा. मी समोर बसले आणि दस्त्याला हात लावला. त्याने डोळे वटारले नाहीत, पण पकडही ढिली केली नाही.

"आबा, सोड."

तो मान तिरकी करून माझ्या आवाजाच्या दिशेला वळला.

"पूल म्हण की गो."

"पूल," मी म्हटलं.

आणि त्याने हात काढून घेतले.